टीममधला वाद सोडवताना: कुठे सहकार्य, कुठे स्पर्धा आणि ते ठरवायचं कसं

टीममध्ये दोघांचं जुंपलं की आजूबाजूचे लोक साधारण दोनपैकी एक सल्ला देतात. काही जण म्हणतात, ‘बसून बोला, मार्ग निघेल.’ बाकीचे म्हणतात, ‘चर्चा पुरे, कुणीतरी निर्णय देऊन टाका.’ यातला कुठला सल्ला मिळतो ते बहुतेक वेळा सल्ला देणाऱ्याच्या स्वभावावर ठरतं. वाद कसला आहे हे फारसं कुणी पाहत नाही. सहकार्यानं सुटणारा वाद अधिकारानं दाबला, तर तो थोड्याच दिवसांत वेगळ्या नावानं परत येतो. उलट पाच मिनिटांत द्यायचा निर्णय तीन मीटिंगांत घोळवला, तर लोकांचा चर्चेवरचाच विश्वास उडतो.

हा लेख टीम लीडर आणि मॅनेजर यांच्यासाठी आहे, तसाच हातात पद नसताना ज्यांच्यावर मध्यस्थीची वेळ येते त्यांच्यासाठीही. पद्धत थोडक्यात अशी: आधी वादाचे तुकडे पाडायचे, मग प्रत्येक तुकडा कसा सोडवायचा ते वेगवेगळं ठरवायचं.

पाच पद्धती आणि त्यांतला नेहमीचा घोळ

वादात माणूस कसा वागतो हे पाहण्यासाठी केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या अभ्यासकांनी १९७४ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. विधानांच्या ३० जोड्या, प्रत्येक जोडीतलं आपल्याला जास्त लागू पडणारं विधान निवडायचं. त्यामागे दोन मापं आहेत: माणूस स्वतःचं म्हणणं किती लावून धरतो आणि समोरच्याची गरज भागावी म्हणून किती झटतो. पहिलं जास्त आणि दुसरं कमी असेल तर ती स्पर्धा. दोन्ही जास्त असतील तर सहकार्य. दोन्ही कमी असतील तर टाळाटाळ. स्वतःचं सोडून समोरच्याचं ऐकणं म्हणजे नमतं घेणं आणि दोन्ही मापांवर मधोमध बसते ती तडजोड.

घोळ होतो तो तडजोड आणि सहकार्य यांच्यात. तडजोडीत दोघंही थोडं थोडं सोडतात. सहकार्यात दोघांच्या मूळ गरजा शोधून त्या दोन्ही भागतील असा तिसरा मार्ग काढायचा असतो. व्यवस्थापनाच्या विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये हा फरक वाचनालयातल्या एका प्रसंगातून मांडला होता. छोट्या खोलीत दोन माणसं बसलेली; एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली गेली. एकाला हवेशीर खोली हवी होती, दुसऱ्याला अंगावर थेट गार वारा नको होता. अर्धी खिडकी उघडली असती, तर तडजोड झाली असती आणि दोघंही कुरकुरत बसले असते.

सहकार्याचा खरा अडथळा यातूनच दिसतो. ‘खिडकी उघडा’ ही मागणी ऐकू येते. ‘मला गुदमरतंय’ ही गरज विचारल्याशिवाय कळत नाही. बरेच लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, काही वेळा स्वतःच्याही नकळत.

पायरी १: वाद कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

कामाचा वाद (काय करायचं), पद्धतीचा वाद (कसं करायचं, कुणी करायचं) आणि नात्यातला वाद (तू मला कसा वागवतोस) अशा तीन जाती सोयीच्या पडतात. पहिल्या दोन जातींवर टेबलावर बोलता येतं. तिसरी बहुतेक वेळा पहिल्या दोन्हींचा वेष घेऊन येते.

‘कामावरचे वाद टीमला पोषकच असतात’ असं सरसकट सांगितलं जातं. ते जपून घ्यावं. कार्स्टन डी ड्रू आणि लॉरी वाइनगार्ट या संशोधकांनी २००३ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नात्यातल्या वादांइतकाच कामावरच्या वादांचा संबंधही खालावलेल्या कामगिरीशी दिसला. पुढच्या अभ्यासांनी हे चित्र थोडं सौम्य केलं. कामावरचा वाद नात्यात शिरला नाही, तर त्याचा उपयोग होऊ शकतो. म्हणजे मतभेद वाढवत बसण्यापेक्षा ते नात्यात झिरपू न देणं हे लीडरचं काम.

झिरपल्याच्या खुणा सहज ओळखू येतात. वाक्यांत ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ शिरतात. शेजारी बसणारी दोन माणसं एकमेकांना ईमेल लिहू लागतात आणि त्यात मॅनेजरला कॉपी ठेवतात. सहा महिन्यांपूर्वीचा प्रसंग आज पुरावा म्हणून निघतो. एकाची चांगली सूचना दुसरा केवळ ती कुणाकडून आली यावरून नाकारतो.

वाद किती पुढे गेला आहे हे मोजायला वादांचे अभ्यासक फ्रीडरिख ग्लास्ल यांची नऊ पायऱ्यांची उतरंड उपयोगी पडते. पहिल्या तीन पायऱ्यांवर दोघंही जिंकू शकतात: मतं ताठर होतात, शाब्दिक चकमकी होतात, मग बोलणं थांबून परस्पर कृती सुरू होते. पुढच्या तीनवर एक जिंकतो, दुसरा हरतो. शेवटच्या तीनवर दोघंही बुडतात. लक्षात ठेवायची ती चौथी पायरी: लोक आपल्या बाजूची माणसं गोळा करू लागतात. इथे पोहोचल्यावर ‘तुम्ही दोघं आपापसांत मिटवा’ असं सांगण्यात अर्थ नसतो. तिसरा माणूस लागतोच.

एक गोष्ट इथेच बाजूला काढा. छळ, लैंगिक त्रास, भेदभाव, धमकी, आर्थिक गैरव्यवहार, सुरक्षिततेचे नियम मोडणं ही ‘वादा’ची प्रकरणं नव्हेत. त्यांच्यावर मध्यस्थी करू नका. त्यांचा मार्ग संस्थेच्या औपचारिक तक्रार व्यवस्थेतून जातो. पीडित माणसाला ‘समोरच्याची बाजू समजून घे’ असं सांगणं हा नवा अन्याय ठरतो.

पायरी २: वादाचे तुकडे पाडा

कागदावर वाद एका वाक्यात लिहा. वाक्य असं हवं की दोन्ही बाजू त्याखाली सही करतील. समजा सॉफ्टवेअरच्या टीममध्ये प्रोग्रॅम लिहिणारे डेव्हलपर आणि तो तपासणारे टेस्टर यांच्यात रिलीजवरून, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकांना कधी द्यायची यावरून, जुंपलं आहे. ‘टेस्टर काम अडवून ठेवतात’ यावर टेस्टर सही करणार नाहीत. ‘रिलीज शुक्रवारी करायचं की पुढच्या बुधवारी, यावर एकमत नाही’ यावर दोघंही करतील. असं वाक्य जमत नसेल, तर तुम्हाला अजून एका बाजूचंच कळलंय असं समजा.

मग त्या वाक्याखाली दडलेले प्रश्न वेगळे करा. साधारण तीन ते सहा निघतात. दहा निघाले तर दोन वाद एकत्र मिसळले आहेत. वरच्याच उदाहरणात पाच तुकडे दिसतात:

अ) शुक्रवार की बुधवार.
आ) कुठल्या गंभीरतेचा दोष सापडला तर रिलीज थांबवायचं.
इ) शेवटच्या क्षणी मतभेद झाला तर निर्णय कुणाचा.
ई) डेव्हलपमेंट लांबलं की दर वेळी टेस्टिंगचेच दिवस का कापले जातात.
उ) ग्रुपवर सगळ्यांदेखत मारलेला टोमणा.

सगळी भांडाभांडी ‘अ’वर होते, कारण ती तारीख आहे आणि तारखेवर भांडणं सोपं असतं. आग बहुधा ‘ई’ आणि ‘उ’मध्ये असते.

पायरी ३: प्रत्येक तुकड्याला सहा प्रश्न विचारा

वेळ किती आहे? निर्णय आज संध्याकाळपर्यंत हवा असेल, तर ज्याच्याकडे अधिकार आहे त्यानं तो द्यावा.

निर्णय मागे घेता येतो का? सहज फिरवता येणारा निर्णय पटकन घ्या, प्रयोग करा. न फिरवता येणाऱ्या निर्णयासाठी सहकार्याचा खर्च परवडतो.

वाटायची गोष्ट ठराविक आहे का? एकच बढती, एकच रिकामी जागा, एकाच दिवसाची एकच सुट्टी अशा ठिकाणी एकाला मिळालं की दुसऱ्याला मिळत नाही. तिथे सहकार्याचा आव आणू नका. न्याय्य नियम आधी ठरवा आणि तो पाळा.

अंमल कुणाच्या हातून होणार? ज्यांच्या मनापासूनच्या साथीशिवाय निर्णय कागदावरच राहील, त्यांना तो ठरवण्यात घ्यावंच लागतं. नाहीतर सगळे हो म्हणतात आणि काम पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखं ओघळून जातं.

माहिती विखुरलेली आहे का? प्रश्नाचा एक भाग एकाला ठाऊक आणि दुसरा दुसऱ्याला, असं असेल तर सहकार्य लागतंच. एकट्यानं घेतलेला निर्णय अर्धवट माहितीवर होईल.

कायदा, नियम किंवा सुरक्षिततेचा ठरलेला निकष लागू होतो का? होत असेल तर तिथे वाटाघाट नाही.

ही उत्तरं आपल्या उदाहरणाला लावून पाहा. ‘अ’चा निर्णय आजच हवा आहे, तो लीडरनं द्यावा. ‘आ’मध्ये माहिती दोन्हीकडे विखुरलेली आणि अंमल दोघांच्या हातून, म्हणजे सहकार्य. ‘इ’ ही अधिकाराची वाटणी. मॅनेजरनं एकदा स्पष्ट सांगून टाकावी. ‘ई’ पुन्हा सहकार्याचा, आणि सगळ्यात जास्त वेळ मागणारा. ‘उ’ टीमसमोर काढूच नये. दोघांना एकांतात बसवावं.

सहकार्याचा खर्चही मोजा. सहा जणांच्या टीममध्ये प्रत्येकाशी अर्धा तास एकट्यानं बोललात, तर लीडरचे तीन तास आणि बाकीच्यांचे मिळून तीन तास जातात. नंतर सात जणांची दीड तासाची मीटिंग, म्हणजे साडेदहा तास. एकूण साडेसोळा मनुष्य-तास, आढावा वेगळाच. जो तुकडा एवढा मोलाचा नाही, त्यावर नाणं उडवून मोकळं होण्यात कमीपणा नाही.

पायरी ४: स्पर्धेनं सोडवायचं असेल तर ते उघडपणे करा

स्पर्धात्मक पद्धतीचे टीममध्ये दोन सभ्य प्रकार आहेत: अधिकारानं निर्णय आणि दोन प्रस्तावांची झुंज.

अधिकारानं निर्णय देताना क्रम महत्त्वाचा. बोलणं सुरू करतानाच सांगा: ‘हा निर्णय मी घेणार आहे. मला तुमच्याकडून माहिती हवी आहे, मतदान नको.’ प्रत्येकाला ठराविक वेळ द्या, पाच मिनिटं पुरतात. ऐकल्यावर शक्यतो त्याच दिवशी निर्णय सांगा. कारण सांगा, आणि ज्याचं म्हणणं मान्य झालं नाही त्याचा कुठला मुद्दा बरोबर होता तेही सांगा. निर्णय किती दिवसांसाठी आहे आणि पुन्हा कधी पाहणार, ते लेखी द्या.

यात सर्वात नुकसान करणारी चूक म्हणजे तोंडदेखला सल्ला. निर्णय आधीच झालेला असतो, तरी ‘सगळ्यांचं मत घेऊ’ म्हणून मीटिंग बोलावली जाते. लोकांना हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. त्यानंतर खरोखर मत हवं असतं तेव्हाही कुणी तोंड उघडत नाही. सरळ हुकूम यापेक्षा कितीतरी बरा. त्यात निदान फसवणूक नसते.

दोन प्रस्तावांची झुंज तांत्रिक निवडीसाठी चांगली चालते: कुठलं साधन घ्यायचं, कुठली रचना ठेवायची. नियम असे:

निकष आणि त्यांचं वजन प्रस्ताव पाहण्याआधी ठरवा. उदाहरणार्थ खर्च ३०, वेळ ३०, देखभाल ४०. निकष नंतर ठरवले, तर प्रत्येक जण आपल्या प्रस्तावाला सोयीचे निकष सुचवतो, आणि तो त्याचा दोषही म्हणता येत नाही.

दोन्ही प्रस्ताव लेखी घ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन पानं. तोंडी मांडणीत बोलका माणूस जिंकतो.

चर्चेच्या सुरुवातीला प्रत्येकानं समोरच्याच्या प्रस्तावाची सगळ्यात मजबूत बाजू मांडायची. समोरचा ‘हो, हेच म्हणायचं होतं’ म्हणाला की मगच टीका सुरू.

शक्य असेल तर दोन्ही गोष्टी लहान प्रमाणात करून पाहा. एका आठवड्याची चाचणी तासाभराच्या वादापेक्षा जास्त सांगते.

आणि हरलेल्या माणसाला एकट्यालाच विजेत्या प्रस्तावाच्या अंमलाला जुंपू नका. त्याला प्रस्तावातले धोके पाहण्याचं काम द्या; त्यानं ते आधीच शोधून ठेवलेले असतात.

स्पर्धा प्रस्तावांपुरतीच राहू द्या. माणसांमध्ये किंवा उपगटांमध्ये कायमची चुरस लावली, तर काय होतं ते सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात पाहिलं. अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले, बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या आणि काही दिवसांत शिवीगाळ आणि एकमेकांच्या राहण्याच्या खोल्यांवर हल्ले सुरू झाले. दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवून काही उपयोग झाला नाही. पाणीपुरवठा बंद पडणं, ट्रक अडकणं अशी एकट्या गटाला न पेलणारी कामं समोर आणली, तेव्हा तेढ हळूहळू ओसरली. वाद मिटवण्यासाठी टीमची सहल काढणाऱ्यांनी यातला मधला भाग लक्षात घ्यावा.

पायरी ५: सहकार्याची बैठक

इथे जास्त वेळ थांबू, कारण बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. आणि फसतात ते तयारी न करता थेट एकत्र बसवल्यामुळे.

एकेकाशी आधी बोला, तीस मिनिटं. चार प्रश्न पुरतात. ‘तुमच्या मनासारखं झालं तर तुमचं नेमकं काय सोपं होईल?’ ‘नाही झालं तर काय बिघडेल?’ ‘यातली कुठली गोष्ट तुम्ही सहज सोडाल?’ ‘समोरच्याला कसली काळजी वाटत असेल असं तुम्हाला वाटतं?’ चौथ्या प्रश्नाला ‘त्याला नुसतं भांडायचंय’ असं उत्तर आलं, तर एकत्र बैठक आणखी एक-दोन दिवस पुढे ढकला. आपण उशीर केला की परिस्थिती अवघड होती असं मानतो आणि दुसऱ्यानं केला की तो बेजबाबदार आहे असं मानतो. ही सवय थोडी सैल झाल्याशिवाय बैठकीचा उपयोग नाही. शेवटी विचारा, ‘यातलं काय मी बैठकीत बोलू आणि काय माझ्यापाशी ठेवू?’ उत्तर लिहून घ्या आणि पाळा. इथे एकदा विश्वास तुटला की मध्यस्थी संपली.

बैठकीची आखणी नव्वद मिनिटांची ठेवा. पहिली ५ मिनिटं विषय आणि मर्यादा: आज फक्त ‘आ’ आणि ‘ई’, बाकीचे मुद्दे नाहीत. पुढची २० मिनिटं दोन्ही बाजूंना प्रत्येकी १०, मध्ये न बोलता. मग १० मिनिटं प्रत्येकानं समोरच्याची गरज आपल्या शब्दांत सांगायची. मग २० मिनिटं फक्त पर्याय, टीका बंद. मग २० मिनिटं निवड. शेवटची १५ लिहिण्यासाठी. ही १५ मिनिटं कधीही कापू नका; वेळ कमी पडत असेल तर मुद्दा कमी करा.

दोन्ही बाजूंना समोरासमोर न बसवता फळ्याकडे तोंड करून शेजारी बसवा. समोर लिहिलेला प्रश्न दोघांचा होतो. फळ्यावर दोन स्तंभ करा: डावीकडे मागणी, उजवीकडे गरज. ‘टेस्टिंगला पूर्ण पाच दिवस हवेत’ ही मागणी. ‘जुनी सुविधा मोडलेली नाही याची खात्री देता आली पाहिजे’ ही गरज. ‘शुक्रवारीच रिलीज’ ही मागणी; ‘ग्राहकाला दिलेला शब्द मोडल्याचं खापर आमच्यावर फुटू नये’ ही गरज. असं मांडलं की पर्याय आपोआप वाढतात: शुक्रवारी फक्त नवा भाग मर्यादित ग्राहकांना द्यायचा, जुन्या सुविधांच्या तपासण्या स्वयंचलित करायच्या, टेस्टर डिझाइनच्या टप्प्यापासूनच सामील व्हायचे.

पर्याय निदान सहा होईपर्यंत निवड सुरू करू नका. पहिले दोन-तीन पर्याय जुन्याच मागण्या नव्या कपड्यांत असतात.

मुद्दे अनेक असतील, तर अदलाबदलीची युक्ती वापरा. प्रत्येक बाजूनं सगळ्या मुद्द्यांवर मिळून १०० गुण वाटायचे आणि ते फक्त मध्यस्थाला द्यायचे. समजा तारीख आणि निर्णयाधिकारही बैठकीतच ठरवायचे आहेत. टेस्टरनं तपासणीच्या वेळेला ६०, निर्णयाधिकाराला ३० आणि तारखेला १० दिले, आणि डेव्हलपरनं तारखेला ५५, तपासणीच्या वेळेला १५, निर्णयाधिकाराला ३०. मग तारखेवर टेस्टरनं आणि तपासणीच्या वेळेवर डेव्हलपरनं ढील द्यायची. प्रत्येक मुद्दा मधोमध कापला असता, तर दोघांनाही आपापल्या गुणांपैकी ५० मिळाले असते. अशी अदलाबदल करून फक्त निर्णयाधिकार वाटून घेतला, तरी टेस्टरला ७५ आणि डेव्हलपरला ७० मिळतात. गुण एकमेकांना दाखवले, तर लोक ते फुगवतात, म्हणून गुप्तता.

इथे काय बिघडतं? घाईची तडजोड हा पहिला शत्रू. चाळिसाव्या मिनिटाला कुणीतरी ‘चला, अर्धं-अर्धं करू’ म्हणतं आणि सगळे सुटल्यासारखे मान हलवतात. तेव्हा विचारा, ‘यानं दोघांची गरज भागते का?’ दुसरा शत्रू म्हणजे गप्प बसण्याला होकार समजणं. प्रत्येकाकडून मोठ्यानं उत्तर घ्या. ‘शून्य ते पाच बोटं, किती खात्री?’ हा प्रश्न चालतो. तीनपेक्षा कमी बोटं दाखवणाऱ्याला विचारा, ‘ती तीन होण्यासाठी काय बदलावं लागेल?’ तिसरा म्हणजे पदाचं वजन. ज्येष्ठ माणूस आधी बोलला की कनिष्ठाची गरज फळ्यावर येतच नाही. सगळ्यात कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या किंवा पर्याय आधी कागदावर लिहून घ्या.

हे सगळं चॅटवर करू नका. लेखी संदेशात स्वर नसतो आणि वाचणारा तो स्वतःच्या रागातून भरतो. एकाच मुद्द्यावर दोनदा उलटसुलट उत्तरं झाली की फोन किंवा व्हिडिओ कॉल. टीम वेगवेगळ्या ठिकाणी असेल, तर फळ्याच्या जागी सगळ्यांना दिसणारं एक कोरं दस्तऐवज पुरतं.

समोरचा स्पर्धाच करत असेल तर

तुम्ही गरजा उघड करता आणि समोरचा त्याच माहितीचा वापर दबावासाठी करतो, असंही होतं. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी १९८०च्या सुमारास संगणकी डावपेचांच्या स्पर्धा घेतल्या होत्या; त्यांत दोन डाव पुन्हा पुन्हा समोरासमोर येत आणि दर खेपेला सहकार्य करायचं की दगा द्यायचा ते ठरवत. जिंकला तो अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवलेला अगदी साधा डाव: सुरुवात सहकार्यानं, नंतर समोरच्यानं मागच्या खेपेला जे केलं तेच. माणसांच्या टीममध्ये याचा अर्थ असा: पहिली माहिती तुम्ही द्या, पण थोडी. समोरून काही आलं तर पुढची द्या. गैरवापर झाला तर त्याच बैठकीत शांतपणे नाव घेऊन सांगा: ‘मी मागच्या वेळी हे मोकळेपणानं सांगितलं आणि ते माझ्याविरुद्ध वापरलं गेलं. आज आधी तुमच्याकडून ऐकतो.’ समोरचा परत सहकार्याला आला, तर हिशेब ठेवत बसू नका.

शिवाय बैठकीला जाण्याआधी स्वतःशी ठरवा: समझोता झालाच नाही तर मी काय करणार? वरिष्ठांकडे जाणार, काम वेगळं करून घेणार की आहे ते चालू ठेवणार? हे उत्तर तयार असलेला माणूस घाबरून सही करत नाही आणि उगाच ताणतही नाही.

पायरी ६: लिहा आणि तपासा

समझोता पाच गोष्टींशिवाय अपुरा असतो: कोण, काय, कधीपर्यंत, झालं हे कसं ओळखायचं आणि पाळलं गेलं नाही तर काय. ‘दोन्ही टीम संवाद सुधारतील’ हे वाक्य कचऱ्यात टाका. त्याजागी असं लिहा: ‘डेव्हलपर मंगळवारी दुपारी बारापर्यंत बदललेल्या भागांची यादी देतील. यादी आली नाही, तर रिलीज जितका उशीर झाला तितकं आपोआप पुढे जाईल. वेगळी मंजुरी लागणार नाही.’ आपोआप लागू होणारा परिणाम लिहिला की पुढच्या वेळी कुणालाच कुणावर ओरडावं लागत नाही.

पहिला आढावा दोन आठवड्यांनी, पंधरा मिनिटं. दुसरा सहा आठवड्यांनी. पहिल्या आढाव्यात पाळलं का ते पाहा, दुसऱ्यात उपयोग झाला का ते. दोन्ही तारखा बैठकीतच कॅलेंडरवर टाका.

पायरी ७: तोच वाद तिसऱ्यांदा आला तर माणसं सोडून रचना पाहा

माणसं बदलली तरी भांडण तेच राहिलं, तर दोष बहुधा कामाच्या रचनेत असतो. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मॉर्टन डॉइच यांनी १९४९ पासून मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: एकाचं ध्येय पुढे गेलं की दुसऱ्याचंही जातं अशी बांधणी असेल तर लोक सहकार्य करतात, एकाचं पुढे गेल्यानं दुसऱ्याचं मागे पडत असेल तर स्पर्धा करतात. टेस्टरचं मूल्यमापन सापडलेल्या दोषांच्या संख्येवर आणि डेव्हलपरचं दोष कमी निघण्यावर होत असेल, तर त्या दोघांत नोंदवलेला प्रत्येक दोष हा वाद होणारच. कितीही उत्तम मध्यस्थ आणा.

तपासायच्या जागा तीन. मूल्यमापनाचे निकष एकमेकांना छेद देतात का? एकाच निर्णयाचा अधिकार दोघांना आपलाच वाटतो का? दोन गट एकाच मर्यादित साधनासाठी, म्हणजे माणूस, यंत्र किंवा बजेट यांसाठी, नियमाशिवाय झगडतात का? पहिल्यासाठी दोघांना निदान एक सामाईक निकष द्या, जसं की रिलीजनंतर ग्राहकाला सापडलेले दोष. दुसऱ्यासाठी प्रत्येक निर्णयासमोर एकच नाव लिहा. तिसऱ्यासाठी प्राधान्याचा नियम महिन्यातून एकदा ठरवा, म्हणजे रोज भांडावं लागणार नाही.

या तिन्हींतलं काहीही टीम लीडरच्या अखत्यारीत नसेल, तर ‘आमच्यात पटत नाही’ अशी तक्रार वर नेऊ नका. ती परत खालीच येते. तीन वादांच्या तारखा, प्रत्येकात गेलेले तास आणि छेद देणारे दोन निकष एका पानावर मांडून न्या. आणि वादाची एक बाजू तुम्ही स्वतःच असाल, तर वरची मध्यस्थीची कुठलीच पायरी स्वतः चालवू नका. दुसऱ्या टीमचा लीडर किंवा मनुष्यबळ विभागातलं कुणी, ज्याला या निर्णयातून काही मिळणारं किंवा गमावणारं नाही, त्याच्याकडे फळ्याचा खडू द्या आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसा.